टोळधाड आणि शेजारधर्म



बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी आपले नेहमी पटतेच असे नाही. कधी पाण्याच्या पाळीवरून, कधी बांध कोरण्यावरून बोलणे बंद होते. प्रकरण कोर्टकचेरीपर्यंतही जाते. पण उद्या त्याच्या खळ्याला आग लागली, तर आपण घरात बसून राहतो का? नाही. कारण वारा आपल्या कडब्याच्या गंजीकडे वाहत असतो.

देशांचेही असेच आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात १९४७, १९६५, १९७१ आणि १९९९ साली लढाया झाल्या. तरीही एका कामासाठी दोन्हीकडचे अधिकारी वर्षानुवर्षे सरहद्दीवर एकत्र बसत आले. ते काम म्हणजे टोळांचा बंदोबस्त.

टोळधाड ही आजोबा-पणजोबांच्या काळची गोष्ट, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटत होते. पण मे २०२० मध्ये राजस्थान आणि मध्य प्रदेश ओलांडून टोळांचे थवे थेट विदर्भात उतरले. अमरावती, वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या लोकांनी आभाळ झाकोळताना पाहिले. संत्र्याच्या बागांवर आणि भाजीपाल्यावर संकट आले. काटोल भागात अग्निशामक दलाचे बंब लावून रात्री औषध फवारावे लागले.

हा किडा आहे तरी कसा?

वाळवंटी टोळ एरवी एकटादुकटा राहणारा, निरुपद्रवी किडा आहे. पाऊस चांगला झाला, वाळवंटात हिरवळ फुटली, की त्याची संख्या वाढते. दाटीवाटी झाली, की त्याचा रंग आणि स्वभाव दोन्ही बदलतात आणि तो थव्याने हिंडू लागतो. एकटा टोळ आणि थव्यातला टोळ हे दोन वेगळे किडे नाहीत, एकाच जातीची ती दोन रूपे आहेत, हे बोरिस उवारोव या शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडले. तेव्हा कुठे या संकटाचे मूळ लोकांना उमगले.

आता हिशेब पाहा. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटी टोळ असू शकतात. एक टोळ दिवसाला सुमारे दोन ग्रॅम हिरवे खातो, म्हणजे हा थवा एका दिवसात ८०० क्विंटल फस्त करतो. पस्तीस हजार माणसांच्या एका दिवसाच्या अन्नाइतके ते होते. वाऱ्याच्या जोरावर असा थवा दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जातो. मादी ओलसर वाळूत अंडी घालते. हवामान जुळले तर तीन महिन्यांत एकाचे वीस होतात, सहा महिन्यांत चारशे आणि नऊ महिन्यांत आठ हजार!

म्हणून खरा उपाय एकच. पंख फुटण्याआधी, जिथे अंडी घातली तिथेच पिल्ले मारायची. पण अडचण अशी की ती जागा पुष्कळदा परक्या मुलुखात असते. वसंतात टोळांची वीण इराण आणि पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात होते. पावसाळ्यात तेच टोळ थरच्या वाळवंटात, सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना अंडी घालतात. त्यांना ना परवाना लागतो, ना काटेरी कुंपण अडवते.

चौघांची मोट

आपल्याकडे टोळांची पूर्वसूचना देणारी सरकारी संघटना १९३९ साली निघाली. तिचे मुख्य ठाणे दिल्लीत आणि उपकेंद्र कराचीत होते. फाळणीत मुलुखाचे दोन भाग झाले, पण टोळांचा मुलूख एकच राहिला. पुढे १९६४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या छत्राखाली भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा टोळ नियंत्रण आयोग स्थापन झाला. कुठे किती पाऊस झाला, कुठे अंडी दिसली, कुठून थवा उठला, हे एकमेकांना कळवायचे, असा हा व्यवहार.

सत्तरीच्या दशकापासून भारत आणि पाकिस्तानचे टोळ अधिकारी पावसाळ्याच्या हंगामात सरहद्दीवर भेटू लागले. आपल्या बाजूला राजस्थानातले मुनाबाव, त्यांच्या बाजूला सिंधमधले खोखरापार. या बैठकांत राजकारण नाही, भाषणे नाहीत. फक्त नकाशे, पावसाचे आकडे आणि टोळांची नोंद.

याचा उपयोग किती झाला? सरकारी नोंदीनुसार १९२६ ते १९३१ च्या धाडीत दहा कोटी रुपयांचे पीक गेले होते, तेही त्या काळचे रुपये. १९५९ ते १९६२ मध्ये हा आकडा पन्नास लाखांवर आला आणि १९७८ साली दोन लाखांवर. यात औषधांचा आणि यंत्रांचा वाटा आहेच, पण वेळेवर मिळालेल्या खबरीचा वाटाही मोठा आहे.

नजर चुकली की काय होते

२०१८ साली मे आणि ऑक्टोबर महिन्यांत अरबस्तानच्या वाळवंटात दोन चक्रीवादळांनी पाऊस पाडला. त्या निर्मनुष्य भागात टोळांच्या तीन पिढ्या कुणाच्याही ध्यानात न येता वाढल्या. शेजारच्या येमेनमध्ये यादवी युद्ध चालू होते, तिथे बंदोबस्त नीट करणार कोण? तिथून थवे इराण, पाकिस्तान करत २०१९ मध्ये राजस्थान-गुजरातेत आले. फेब्रुवारी २०२० पर्यंत आपल्याकडे चार लाख हेक्टरांवर बंदोबस्त करावा लागला. पाकिस्तानने तर राष्ट्रीय आणीबाणी पुकारली.

तेव्हा करोनामुळे भेटीगाठी बंद होत्या. तरी चारही देशांचे तज्ज्ञ दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावर बोलत होते. भारताने इराणला २५ टन मॅलॅथिऑन पाठवले. यात धर्म होता तसा स्वार्थही होता. इराणात मेलेला टोळ आपल्या बाजरीवर येत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. औषधाने टोळ मरतो, तशा मधमाश्याही मरतात आणि चाऱ्यात विष उतरते. धाड जितकी उशिरा अडवावी, तितके जास्त औषध मातीत जाते. टोळांना रोग आणणारी एक बुरशी आता औषध म्हणून वापरता येते, पण ती सावकाश मारते आणि पिल्लांवरच जास्त लागू पडते. म्हणजे तिथेही आधी खबर हवीच.

गेल्या काही वर्षांत भारत-पाकिस्तान संबंध फार बिघडले. मुनाबाव-खोखरापार मार्गाने जाणारी थर एक्सप्रेस ऑगस्ट २०१९ मध्ये बंद पडली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू जलकरार स्थगित केला. यामागची कारणे मोठी आणि दुःखद आहेत. पण वाळूतली अंडी संबंध सुधारण्याची वाट पाहत नाहीत. म्हणून टोळांची खबर देण्या-घेण्याचा धागा तरी तुटू नये, यात सगळ्यात मोठे हित शेतकऱ्याचे आहे.

आपल्या हाती काय?

पुन्हा कधी थवा दिसला, तर वेळ, दिशा आणि तो कुठे उतरला, हे लगेच सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा तहसील कचेरीत कळवा. दिवसा थाळ्या, डबे, ढोल वाजवून टोळांना पिकावर बसू देऊ नका. पण तेवढ्याने ते पुढच्या गावात जातात, हे विसरू नका. सूर्य मावळताना थवा झाडांवर उतरतो आणि उजाडून ऊन तापेपर्यंत जड असतो. फवारणीची वेळ तीच. फवारणी होणार असेल, तर मधमाश्यांच्या पेट्या आधी हलवा आणि फवारलेला चारा जनावरांना घालू नका.

आणि शेजारच्या गावाला निरोप धाडा. त्या गावाशी आपले पटत नसले, तरी धाडा.