अपत्यवियोग आणि बौद्ध कुटुंब : जन्मजात हृदयदोषाच्या संदर्भात

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील बौद्ध वस्त्यांत मृत्यूनंतरचे विधी आता बऱ्याच अंशी स्थिर झाले आहेत. त्रिसरण-पंचशील होते, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, उपासक-उपासिका आदरांजलीपर दोन शब्द बोलतात. मृत व्यक्ती वयोवृद्ध असेल तर तिच्या कार्याविषयी, चळवळीतील सहभागाविषयी सांगता येते. परंतु चार महिन्यांचे किंवा तीन वर्षांचे मूल गेलेले असते, तेव्हा वक्ते अडखळतात. त्या मुलाचे कार्य ते काय सांगणार? मग 'सर्व संस्कार अनित्य आहेत' एवढे वाक्य उच्चारून कार्यक्रम आटोपला जातो. वाक्य खरे आहे. पण ज्या मातेच्या कुशीतून मूल नुकतेच गेले तिला ते ऐकताना समोरचे दार कोणीतरी लावून घेतल्यासारखे वाटते.

जन्मजात हृदयदोषाने मूल दगावलेल्या कुटुंबांचा विचार प्रस्तुत लेखात आम्हांस करावयाचा आहे. कारण अशा घरात शोकाच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट शिरते, ती म्हणजे दोषारोप. मूल जन्मतःच दोष घेऊन आले, मग तो दोष आला कोठून, हा प्रश्न उभा राहतो. आणि त्याचे उत्तर आपल्या समाजात बहुधा मातेकडे बोट दाखवून दिले जाते. सुनेचा पायगुण वाईट, ग्रहण पाळले नाही, गरोदरपणी नको ते खाल्ले, कोणाची नजर लागली, पाचवीच्या रात्री सटवाईने तेवढेच आयुष्य लिहिले होते. दीक्षाभूमीवरील बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही हे शब्द ऐकू येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रथम दोषाचे स्वरूप पाहू. मातेच्या उदरात गर्भाचे हृदय तिसऱ्या आठवड्यापासून आकार घेऊ लागते आणि साधारणतः आठव्या आठवड्यापर्यंत त्याची मूळ रचना पूर्ण होते. म्हणजे आपण गरोदर आहोत हे अनेक स्त्रियांना जेमतेम कळते त्या सुमारास हृदयाचे कप्पे, पडदे व झडपा तयार झालेल्या असतात. या घडणीत कोठे पडदा अपुरा राहतो, कोठे रक्तवाहिनी अरुंद होते, कोठे दोन मुख्य वाहिन्यांची जागा बदलते. ज्याला आपल्याकडे 'हृदयाला भोक' म्हणतात तो यांपैकी एक प्रकार असून त्यातील कित्येक लहान छिद्रे आपोआप बुजतात. काही दोषांत रक्तात प्राणवायू कमी पडून ओठ व नखे निळसर होतात. मूल दूध ओढताना दमते, कपाळावर घाम येतो, वजन वाढत नाही. जगभरात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे सुमारे आठ-नऊ बालकांत असा कोणता ना कोणता दोष आढळतो. भारतात दरवर्षी जन्मणाऱ्या अशा बालकांची संख्या सुमारे दोन लाख मानली जाते. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्याच वर्षी उपचारांची निकड असते.

कारणे अनेक आहेत व ती बहुधा एकमेकांत गुंतलेली असतात. काही गुणसूत्रांतील बदलांशी निगडित असतात. काही वेळा मातेला गरोदरपणाच्या आरंभी रुबेला म्हणजे जर्मन गोवर झालेला असतो, मधुमेह आटोक्यात नसतो किंवा विशिष्ट औषधे घेतली गेलेली असतात. जवळच्या नात्यातील विवाहांत धोका काहीसा वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची चाल आपल्यातही आहे, तिचा पुनर्विचार या कारणासाठीही व्हावा. परंतु बहुसंख्य मुलांच्या बाबतीत एक निश्चित कारण दाखवता येत नाही. ग्रहणात विळी हाती धरल्याने हृदयाला छिद्र पडत नाही, जिना चढल्याने पडत नाही, आणि सासूचा शब्द मोडल्याने तर नाहीच.

येथे कर्मसिद्धांताचा प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. 'मागील जन्मीचे पाप' हे स्पष्टीकरण बौद्ध म्हणविणाऱ्यांच्याही तोंडी असते. काही तर त्याला धम्माचा आधार आहे असे समजतात. संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक तथागतांना नेमके हेच विचारतो : मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले म्हणणे काय? तथागत उत्तर देतात की वेदना पित्तातून उद्भवतात, कफातून, वातातून, त्यांच्या एकत्र येण्यातून, ऋतुपालटातून, शरीराची निगा नीट न राखल्यातून, बाह्य आघातातून आणि कर्मविपाकातूनही. आठ कारणांपैकी कर्म हे एक. जे सर्वच दुःख पूर्वकर्माच्या खाती टाकतात ते लोकांना प्रत्यक्ष दिसणाऱ्या गोष्टीच्याही पलीकडे जातात, म्हणून त्यांचे म्हणणे मिथ्या होय, असा निर्णय तेथे दिला आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याच्याही पुढचे पाऊल टाकले. गतजन्मीच्या कर्माचे फळ या जन्मी भोगावे लागते हा सिद्धांत बुद्धाचा नव्हेच, असे त्यांनी मांडले. मूल शरीराने जे घेऊन येते ते मातापित्यांकडून आनुवंशिकतेने येते, आत्म्याबरोबर आलेले गाठोडे म्हणून नव्हे. गरिबांच्या दुःस्थितीची जबाबदारी राज्याला व समाजाला झटकता यावी यापलीकडे त्या सिद्धांताचा उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या विषयाला हे तंतोतंत लागू पडते. मूल दगावले ते पूर्वकर्माने, असे एकदा म्हटले की दोष वेळेवर का ओळखला गेला नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न विचारला पाहिजे. १९४९ साली निर्वासितांची छावणी म्हणून वसलेले उल्हासनगर, कारखान्यांचे अंबरनाथ आणि झपाट्याने वाढलेले बदलापूर येथून बालहृदयरोगाच्या विशेष उपचारांसाठी लोकांना आजवर मुंबईकडेच पाहावे लागले आहे. बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे. निळ्या पडणाऱ्या तान्ह्याला घेऊन सकाळच्या गर्दीच्या लोकलने परळच्या वाडिया किंवा के.ई.एम. रुग्णालयापर्यंत जायचे, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, तपासणीची पुढील तारीख घेऊन परत यायचे, यात ठेकेदाराकडे रोजावर काम करणाऱ्या बापाचा प्रत्येक वेळी एक खाडा होतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्या व शासकीय शाळांतील मुलांची तपासणी होते व हृदयशस्त्रक्रियेची व्यवस्था केली जाते; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे; खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी केंद्रात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. हे सर्व उपयुक्त आहे. पण अंगणवाडीत जाण्याचे वय येण्याआधीच जे मूल जाते त्याच्यापर्यंत यांतील फारच थोडे पोहोचते. नवजात बालकाच्या बोटाला लावावयाचे प्राणवायू मोजण्याचे साधे यंत्र प्रत्येक प्रसूतिगृहात वापरले गेले तर अनेक गंभीर दोष घरी सोडण्यापूर्वीच संशयित म्हणून पकडता येतात.

एक विषयांतर. निळ्या बालकांवरील पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. शल्यविशारद ब्लेलॉक यांच्या पाठीमागे उभे राहून त्यांना टाका कसा घ्यावा हे सांगणारा मनुष्य व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होता. ही शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत सिद्ध करण्याचे काम मुख्यतः त्याने केले होते. बँक बुडाल्याने शिक्षणाची पुंजी गेलेला हा सुतारकाम जाणणारा तरुण पगारपत्रकात कित्येक वर्षे झाडूवाल्याच्या श्रेणीत होता. सन्मान्य डॉक्टरेट त्याला १९७६ मध्ये मिळाली. आमच्या वाचकांना यातील वेदना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या पहिल्या शस्त्रक्रियेतील बालिकाही काही महिन्यांनी दगावली. तिच्यानंतर मात्र हजारो मुले वाचली.

आता शोकाकडे वळू. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार अपत्ये गमावली : गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न. यशवंतराव तेवढे मागे राहिले. राजरत्नाच्या मृत्यूनंतर सुमारे महिन्याभराने दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी आपण उभयता या आघातातून सावरलो आहोत असा देखावा केला नाही, आणि कधी सावरू असेही वाटत नसल्याचे मोकळेपणाने कळविले. राजरत्नाच्या मृत्यूनंतर आठच महिन्यांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडचा सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. हा क्रम सांगताना आपले वक्ते 'त्यांनी दुःख गिळले' असे म्हणतात. आमच्या मते हे वर्णन अपुरे आहे. ज्याने दुःख गिळले तो असे पत्र लिहीत नाही. त्यांनी दुःख मान्य केले, मित्राला सांगितले, आणि ते बरोबर घेऊनच काम केले. शोक संपल्याशिवाय मनुष्य उभा राहू शकत नाही किंवा उभा राहिला म्हणजे त्याचा शोक संपला, या दोन्ही समजुती या पत्रापुढे टिकत नाहीत.

याच ग्रंथाच्या आठव्या खंडात बाबासाहेबांनी शोकाकुलांचे सांत्वन करणारे तथागत रंगविले असून किसा गौतमीची कथा तेथे येते. ही कथा सर्वांना ठाऊक आहे आणि तिचा वापर बहुधा उलटा होतो. 'सर्वांच्याच घरी मृत्यू आहे, मग तू एकटीच का रडतेस?' असा तिचा अर्थ लावून मातेला गप्प केले जाते. वस्तुतः तथागतांनी तिला एकही उपदेश आधी केला नाही. तुझे मूल मेले आहे, असेही ते तिला म्हणाले नाहीत. ज्या घरी कोणी मेले नाही तेथून मोहऱ्या आण, एवढेच सांगून त्यांनी तिला दारोदार पाठविले. तिने प्रत्येक उंबऱ्यावर विचारले असेल आणि प्रत्येक घराने आपला मृत सांगितला असेल : कोणी पती, कोणी कन्या, कोणी तान्हे. अनित्यतेचे ज्ञान तिला या सांगण्या-ऐकण्यातून झाले. औषध कोणते होते हे यावरून ध्यानात यावे.

पटाचारेची कथा याहून भीषण आहे. अट्ठकथेनुसार एकाच प्रवासात तिचा पती सर्पदंशाने गेला, एक मुलगा पुरात वाहून गेला, दुसरे तान्हे ससाण्याने उचलले, आणि गावी पोहोचण्यापूर्वीच कळले की आईवडील व भाऊ घर कोसळून मेले. भान हरपून विवस्त्र भटकणाऱ्या तिला लोकांनी हाकलले. तथागतांनी मात्र जवळ येऊ दिले आणि एका श्रोत्याने अंगावरचे वस्त्र तिच्याकडे टाकले. पुढे हीच पटाचारा थेरी झाली आणि अपत्यशोकाने व्याकुळ झालेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत त्यांची संख्या पाचशे दिली आहे. पाली परंपरेत हा आकडा 'पुष्कळ' या अर्थी येतो. अपत्य गमावलेल्या स्त्रीने अपत्य गमावलेल्या स्त्रियांना धीर द्यावा, ही व्यवस्था आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षांपूर्वी होती. आज आपल्या विहारांत वर्षावासाचे ग्रंथवाचन होते, महिला मंडळे आहेत, बचत गट आहेत. परंतु ज्यांची मुले गेली अशा चार स्त्रिया एकत्र बसल्या आहेत असे दृश्य क्वचितच दिसते.

पतिपत्नींच्या शोकाची रीत सारखी नसते, हे कुटुंबीयांनी समजून घ्यावे. पती तिसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण हृदयाच्या तपासण्यांसाठी काढलेले कर्ज मूल गेले म्हणून फिटत नाही. पत्नीला वाटते, याला काहीच वाटत नाही. पतीला वाटते, ही घर विसरली. सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा, तिचा अवमान करू नये, असे सांगितले आहे. अशा काळात याचा अगदी व्यावहारिक अर्थ एवढाच की दोषारोपाचा शब्द घरात कोणी उच्चारला तर पतीने तो तेथल्या तेथे थांबवावा. हे काम आईला तिच्या सासूपुढे करता येत नाही.

मागे राहिलेल्या भावंडांकडे फार दुर्लक्ष होते. 'ताई गावाला गेली' असे सांगितलेले मूल दर दिवाळीला ताईची वाट पाहते. 'ती झोपली' असे सांगितलेले मूल झोपायला भिते. मेली, तिचे हृदय जन्मापासून नीट नव्हते, तुझ्या भांडणामुळे हे झाले नाही, असे साध्या शब्दांत सांगावे. लहान मुले मृत्यूचे कारण स्वतःत शोधतात, म्हणून हे शेवटचे वाक्य गाळू नये.

पुढील अपत्याचा प्रश्न सहा महिने होताच नातेवाईक काढतात. आईवडिलांना ठाऊक असावे की एका मुलात असा दोष असल्यास पुढील मुलात तो येण्याची शक्यता साधारणतः शंभरात दोन ते पाच असते. म्हणजे बहुतेक मुले निरोगी जन्मतात. नात्यातील विवाह किंवा ज्ञात आनुवंशिक विकार असेल तर ही शक्यता अधिक धरावी आणि आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. गरोदरपणाच्या अठराव्या ते बाविसाव्या आठवड्याच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची विशेष सोनोग्राफी करता येते व दोष आढळल्यास प्रसूती मोठ्या रुग्णालयात ठरवता येते. रुबेलाची लस गर्भधारणेपूर्वी घ्यावी लागते, गरोदरपणी ती देत नाहीत. मूल केव्हा व्हावे, व्हावे की नाही, हा निर्णय मात्र त्या स्त्रीचा असावा. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला, तेव्हा स्त्रीवर गर्भारपण लादले जाऊ नये हाच मुद्दा त्यामागे होता.

शेवटी वस्तूंविषयी. मुलाचे झबले, खेळणे, रिपोर्टांची फाईल लवकर घराबाहेर काढा, म्हणजे विसर पडेल, असा सल्ला दिला जातो. फाईल तर मुळीच टाकू नये. पुढील गरोदरपणात डॉक्टर ती मागतील. झबल्याचे काय करावयाचे ते आईला ठरवू द्यावे. तिने ते दहा वर्षे पेटीत ठेवले तरी धम्माला कोठेही बाधा येत नाही. पुण्यतिथीला विहारात जाऊन मुलाचे नाव मोठ्याने घेण्याची तिची इच्छा असेल, तर ते घेण्यास तिला वेळ द्यावा, आणि ते ऐकावयास दोन बाया आधीपासून बोलावून ठेवाव्यात.