देवळाच्या वहीतला पणजोबा

मंडळी, तुमच्यापैकी जे शिक्षक असतील त्यांना आधी एक प्रश्न विचारतो. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टराची जुनी पाने उलटली, तर १ जून ही जन्मतारीख असलेली किती मुले सापडतील? अर्धा गाव एकाच दिवशी जन्मला की काय, असे वाटावे! बाप सांगायचा, ‘गुरुजी, पोरगं मोठ्या पुराच्या साली झालं,’ आणि गुरुजी बोटांवर हिशेब करून १ जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे तीच तारीख खरी. नोकरी तिच्यावर आणि पेन्शनही तिच्यावर. वही लिहिणाऱ्याच्या एका ओळीत माणसाचे केवढे आयुष्य अडकून पडते, हे तुम्हांला मी काय सांगावे?

आज अशाच वह्यांविषयी बोलायचे आहे. मात्र त्या आपल्या मुलखातल्या नव्हेत. त्या आहेत पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या मेक्सिको देशातल्या, तेथील कॅथलिक देवळांतल्या.

१५२१ साली स्पेनच्या लोकांनी मेक्सिकोची राजधानी जिंकली. शिपायांच्या मागोमाग पाद्री आले. त्यांनी तिथल्या मूळ रहिवाशांना बाप्तिस्मा देण्यास सुरुवात केली. पुढे १५५५ साली मेक्सिकोतील धर्मसभेने ठरवून दिले, की बाप्तिस्मा आणि लग्ने यांच्या वह्या ठेवल्या पाहिजेत. १५६३ साली युरोपात ट्रेंट येथील मोठ्या धर्मसभेने साऱ्या कॅथलिक जगाला तोच दंडक घातला, आणि १६१४ नंतर मृतांच्या वहीचाही नियम झाला. जन्ममृत्यू नोंदविणारी सरकारी कचेरी मेक्सिकोत आली ती थेट १८५९ च्या कायद्याने. म्हणजे मधली तीनशे वर्षे एखादा साधा शेतकरी जन्मला, परणला आणि मेला याचा लेखी पुरावा बहुधा एकाच ठिकाणी मिळायचा, देवळातल्या कपाटात.

आता तुम्ही म्हणाल, हे एवढे शोधतो कोण? १९१० साली मेक्सिकोत क्रांती झाली आणि पुढची दहा वर्षे देश होरपळून निघाला. हजारो कुटुंबे जीव वाचवायला उत्तरेकडे सरहद्द ओलांडून अमेरिकेत गेली. टेक्सास, कॅलिफोर्निया येथे त्यांची नातवंडे-पतवंडे आज राहतात. पुष्कळांना आजीची भाषाही धड येत नाही. हाताशी असते ते आजीचे नाव, एका गावाचे नाव आणि एखादा पिवळा पडलेला फोटो. आपण कुठले, हे त्यांना कळायला हवे असते. पंढरपूर-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत आपल्या खापरपणजोबाची सही पाहून ज्याच्या अंगावर काटा आला असेल, त्याला ही ओढ निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

शोधाची रीत अशी, की आपल्यापासून निघायचे आणि एकेक पायरी मागे जायचे. प्रथम घरातली कागदपत्रे, मग सरहद्दीवर अमेरिकेने केलेल्या प्रवेशाच्या नोंदी, मग मेक्सिकोचे सरकारी जन्म-विवाहाचे दाखले, आणि त्यांच्याही मागे देवळाच्या वह्या. एकदम दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराला पूर्वज म्हणून धरायचे आणि तिथून खाली उतरायचे, हा उद्योग हमखास फसतो. असा उद्योग करणारे लोक सगळ्या देशांत असतात, आपल्याकडेही कमी नाहीत.

पहिली अडचण गावाच्या नावाची. आजी सांगे ते गाव म्हणजे एखादा मळा असेल, जमीनदाराची हवेली असेल, नाही तर चार झोपड्यांची वाडी. तिथे देऊळ नसायचेच, असले तरी पाद्री नसायचा. तो मोठ्या गावाहून अधूनमधून यायचा. आपले वसईकडचे ख्रिस्ती बांधव ज्याला धर्मग्राम म्हणतात, तसा अनेक वाड्या मिळून एक धर्मग्राम असे, आणि वही त्या मुख्य गावी राही. आपल्याकडे वाडीचा सात-बारा मूळ महसुली गावाच्या नावाने काढावा लागतो, त्यातलाच हा प्रकार.

वही सापडली. आता आत काय असते? एक खरीच नोंद पाहू या. ओआहाका प्रांताच्या डोंगरात इश्तलान नावाचे गाव आहे. तिथल्या देवळात २२ मार्च १८०६ रोजी एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. नाव ठेवले बेनितो पाब्लो. पाद्र्याने लिहिले आहे, की हा मार्सेलिनो हुआरेझ आणि ब्रिहिदा गार्सिया यांचा औरस मुलगा, आईबाप ‘इंदियो’, म्हणजे मूळ रहिवासी, आणि राहणार ग्वेलाताओचे. पुढे बापाचे आईबाप पेद्रो हुआरेझ व हुस्ता लोपेस यांची नावे, मग आईच्या आईबापांची, आणि शेवटी मुलाला हातांवर घेणारी धर्ममाता आपोलोनिया गार्सिया. तिला तिची जबाबदारी समजावून सांगितली, हेही पाद्री लिहायला विसरलेला नाही. पाहिलेत ना, पाचसहा ओळींत तीन पिढ्या आल्या. या पोराचे आईबाप तो तीन वर्षांचा असतानाच वारले. त्याला वाढविले ते याच नोंदीतल्या आजोबा-आजीने. हाच मुलगा पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला, बेनितो हुआरेझ.

आणि मौज पाहा. १८५९ साली जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी देवळाकडून काढून सरकारच्या हाती देणारा कायदा केला तो याच हुआरेझने. त्या वर्षानंतर देवळाच्या वह्या बंद पडल्या असे मात्र नाही. लोक बाप्तिस्मा आणि लग्ने देवळात करीतच राहिले. सरकारी वही सगळीकडे नीट पोहोचायलाही बरीच वर्षे लागली. म्हणून १८६०-७० च्या सुमाराचा माणूस दोन्हीकडे शोधावा.

बाप्तिस्म्यापेक्षाही भरघोस माल सापडतो तो लग्नाच्या कागदांत. लग्नाआधी पाद्री चौकशी करी. वर-वधूचे वय, आईबाप कोण, हयात की मयत, आधी लग्न झाले होते काय, हे सारे साक्षीदारांच्या जबानीसह लिहून घेई. मग तीन सणवारी देवळात जाहीर वाचून दाखवी, की कुणाची हरकत असल्यास सांगा. या जबानीत दोन शब्द नेहमी येतात, ‘ओरिहिनारिओ’ आणि ‘वेसिनो’. पहिल्याचा अर्थ मूळचा कुठला आणि दुसऱ्याचा अर्थ सध्या राहणार कुठला. अमुक खाणीच्या गावी राहणारा पण मूळचा तमुक गावचा, असे लिहिलेले सापडले, की बंद पडलेली वाट पुन्हा मोकळी होते. पोटासाठी माणसे तेव्हाही गाव सोडीत. हा एक शब्द नसता तर त्यांचा माग तिथेच संपला असता.

वर-वधू एकमेकांचे जवळचे नातलग निघाले तर धर्माधिकाऱ्यांची खास परवानगी लागे. ती मागताना नाते कसे लागते ते दाखवावे लागे, आणि त्यासाठी कित्येकदा कागदावर वंशवृक्षच काढलेला असतो. चुलत-चुलत भावंडांनी केलेले लग्न तेव्हा अडचणीचे ठरले असेल, आज मात्र त्यांच्या वंशजाला आयता चार पिढ्यांचा नकाशा हाती लागतो.

आता जातीचा भाग. तो टाळून पुढे जाता येत नाही. स्पेनच्या राज्यात मोठ्या गावांतून वह्याच वेगळ्या असत: स्पॅनिश लोकांची एक, मूळ रहिवाशांची दुसरी आणि मिश्र लोकांची तिसरी. स्पॅनिश व मूळ रहिवासी यांचे मूल ते ‘मेस्तिसो’, स्पॅनिश व आफ्रिकी यांचे ते ‘मुलातो’. याशिवाय ‘लोबो’ म्हणजे लांडगा, ‘कोयोते’ म्हणजे कोल्ह्याच्या जातीचे एक जनावर, असलीही नावे माणसांना लावलेली आढळतात. हा शब्द नुसता वहीत राहत नसे. मूळ रहिवासी आणि मुलातो यांना खंडणीचा कर पडे, स्पॅनिश आणि मेस्तिसो यांना तो नसे. पाद्री व्हायचे तर रक्ताची ‘शुद्धता’ दाखवावी लागे. साहजिकच कुटुंबे एका वहीतून दुसरीत सरकण्याची धडपड करीत, आणि लिहिणारा पाद्रीही तोंड पाहून, कपडे पाहून, कधी ओळख पाहून शब्द घाली. स्वातंत्र्यसेनानी होसे मारिया मोरेलोस याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याच्या अंगात आफ्रिकी रक्ताचा अंश होता असे इतिहासकार मानतात. परंतु १७६५ साली वाय्यादोलिदच्या देवळात त्याचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा आईबाप ‘स्पॅनिश’ असेच नोंदले गेले. पुढे तो पाद्री होऊ शकला, आणि त्यानंतर क्रांतिकारक. त्या शहराला आज त्याच्याच नावावरून मोरेलिया म्हणतात.

म्हणून शोधणाऱ्याने एका नोंदीतल्या जातीवर विसंबू नये. थोरला भाऊ मेस्तिसो आणि धाकटा स्पॅनिश, असेही निघते. आणि एका वहीत माणूस नाही मिळाला, तर शेजारची वही उघडावी. १८२२ साली नव्या स्वतंत्र मेक्सिकोच्या संसदेने नोंदींत असा वंशभेद लिहिण्यास बंदी घातली. तेव्हापासून ते शब्द वह्यांतून मावळू लागले.

याच जुन्या वह्यांत ‘चिनो’ असा एक शब्द भेटतो. तो वाचून माणूस चीनचा समजू नका बरं का! फिलिपाइन्समधील मनिलाहून दरवर्षी जहाज येई, त्यातून आलेल्या कोणत्याही आशियाई माणसाला तिथे चिनो म्हणत. पोर्तुगीजांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून पळवून विकलेले गुलामही त्यांत असत. पुएब्ला शहरात कातारिना दे सान हुआन नावाची एक साध्वी होऊन गेली. १६८८ साली ती वारली. ती मूळची मोगलांच्या मुलखातली, लहानपणी चाच्यांनी पळविलेली, अशी तिची हकीकत तिच्याच काळच्या पाद्र्यांनी लिहून ठेवली आहे. कुणी सांगावे, एखाद्या मेक्सिकन घराण्याची वाट त्या जहाजावरून मागे मागे येत आपल्याच समुद्राला मिळत असेल!

नावांची गंमतही सांगितली पाहिजे. मेक्सिकोत लग्न झाल्यावर बाई माहेरचे आडनाव टाकीत नाही, आणि मुलाला बापाचे व आईचे अशी दोन आडनावे मिळतात. ही शोधणाऱ्यावर मोठीच कृपा. आपल्याकडे पणजीचे माहेर विचारले तर घरातले सगळे एकमेकांकडे बघतात! परंतु मूळ रहिवाशांच्या जुन्या नोंदींत आडनावच नसते. हुआन मिगेल हा बाप, पेद्रो मार्तिन हा त्याचा मुलगा. दोन्ही संतांचीच नावे, आणि गावात हुआन मिगेल चार. अशा वेळी बायकोचे नाव, वाडीचे नाव आणि धर्ममाता-धर्मपित्यांची नावे एकत्र ताडून पाहावी लागतात. आणखी एक सापळा असा, की लहान मूल दगावले तर पुढच्या मुलाला पुष्कळदा तेच नाव देत. म्हणून बाप्तिस्मा मिळाला म्हणजे काम झाले असे समजू नये. मृतांच्या वहीत ‘पार्वुलो’, म्हणजे बालक, अशी त्याच नावाची नोंद नाही ना, हे पाहून घ्यावे. १७३७ च्या महामारीची किंवा १८३३ च्या पटकीची पाने उघडली, तर एकाच घरातली तीनतीन बालके एका पानावर दिसतात. ती पाने भरभर उलटता येत नाहीत.

अक्षराचे म्हणाल, तर मोडी वाचणाऱ्यांना ओळखीचाच अनुभव येईल. सोळाव्या-सतराव्या शतकातले लेखन लेखणी न उचलता साखळीसारखे गुंफलेले, आणि शब्द तोडून लिहायची सवय. मारिया हे नाव दोन अक्षरांत उरकलेले. सप्टेंबर लिहायचा तर ७ चा आकडा घालून पुढे ‘ब्रे’ एवढेच. नवखा माणूस त्याला जुलै समजतो आणि दोन महिने चुकतो. ऑक्टोबरला ८, नोव्हेंबरला ९, डिसेंबरला रोमन दहा. जुन्या रोमन पंचांगात हे महिने त्याच क्रमाचे होते.

या वह्यांचे फोटो काढण्याचे काम १९५० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील युटा राज्याच्या वंशावळी संस्थेने हाती घेतले. मॉर्मन पंथाच्या लोकांची ही संस्था. पूर्वजांचा शोध हे ते धर्मकार्य मानतात. त्या फिल्मा आता संगणकावर आल्या आहेत आणि पुष्कळशा घरबसल्या फुकट पाहता येतात. सोबत नावांची सूचीही असते. पण सूची करणाराही माणूसच किंवा यंत्रच, चुकतो. सूचीत नाव नसले, तरी मूळ पानांचे फोटो एकामागून एक स्वतः वाचावेत. काम कंटाळवाणे आहे. तरीही हाती काही लागते ते बहुधा असेच लागते.

सगळे सापडेल अशी खात्री मात्र कुणी देऊ नये. आग, ओल, वाळवी यांनी कित्येक वह्या खाल्ल्या. कुठे बापाच्या जागी ‘अज्ञात’ लिहिलेले असते, कुठे दारात ठेवून गेलेले मूल म्हणून नोंद असते. आणि १९२६ ते १९२९ या वर्षांत तर मेक्सिकोत सरकार आणि चर्च यांचे युद्धच पेटले होते. देवळांतील उपासना बंद, पाद्री लपलेले, बाप्तिस्मे कुणाच्या तरी घरात गुपचूप. समेट झाल्यावर राहिलेली मुले देवळात आणली गेली, तोवर ती चालूबोलू लागली होती. तेव्हा १९२७ साली जन्मलेला आजोबा त्या सालच्या वहीत दिसला नाही, तर निराश होऊन उठू नका. १९२९ ची आणि १९३० ची वही मागवा.