द्राक्षबागेतले मीठ आणि केसतुडावरचे मलम

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला पलूसकडचे एक बागायतदार माझ्या कराडच्या दवाखान्यात आले. मांडीवर केसतूड झाले होते. ते फार मोठे नव्हते, पण भोवतालची तळहाताएवढी कातडी लालभडक होऊन सोलवटली होती. काय लावले म्हणून विचारले, तर म्हणाले, "बागेतलं मॅग्नेशियम. ग्लिसरीनमध्ये कालवून लावलं. मोबाईलवर दाखवत्यात की, डॉक्टर. द्राक्षाला चालतंय तर माणसाला का चालू नये?"

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. सांगली जिल्ह्यात द्राक्षवेलीच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला की शेतकरी मॅग्नेशियम सल्फेट आणतो. तेच मॅग्नेशियम सल्फेट दवाखान्यात ‘मॅगसल्फ’ नावाने असते. सलाइनच्या सुईमुळे कोणाचा हात सुजला असेल, तर नर्सबाईंनी त्यावर ठेवलेली ओलसर, चिकट पट्टी आपण पाहिली असेल. ती बहुधा मॅगसल्फ आणि ग्लिसरीनची असते.

या क्षाराला एप्सम सॉल्ट असेही म्हणतात. एप्सम हे लंडनजवळचे गाव. 1618 च्या सुमारास तिथल्या एका डबक्याचे पाणी गुरे तोंडाला लावीनात, कारण ते कडू होते, अशी हकीकत सांगतात. पुढे त्याच पाण्यातून हे मीठ काढू लागले. पूर्वी ते जुलाबासाठी सर्रास देत. आज ते आपल्या मनाने पोटात घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर मुळीच नाही.

त्वचेवर ते काय करते, हे घरातल्या गृहिणीला वेगळे शिकवायला नको. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते. मॅगसल्फचे मलमही तसेच सुजलेल्या जागेतले पाणी बाहेर ओढते. त्याने ठणका कमी होतो आणि तोंड धरलेले लहान केसतूड वाहून जायला मदत होते. मात्र ते जंतू मारत नाही. आपल्या आज्या हळद घालून कणकेचे गरम पोटीस बांधत, त्याच पंक्तीतला हा उपाय आहे.

आता त्या बागायतदारांचे काय चुकले? त्यांच्या शेडमध्ये दोन उघडी पोती शेजारी होती, मॅग्नेशियम सल्फेटचे आणि झिंक सल्फेटचे. दोन्हीचे खडे इतके सारखे दिसतात की खतात एकात दुसऱ्याची भेसळही होते. पांढरे मीठ कोणत्या पोत्यातले घेतले, हे त्यांना नक्की सांगता येईना. झिंक सल्फेट कातडीला चांगलेच झोंबते. शिवाय त्याच शेडमध्ये मोरचूद असते, फवारणीची औषधे असतात, मापाचे भांडेही एकच असते. खताचा माल झाडाच्या हिशोबाने बनवतात. तेव्हा औषधासाठी मॅगसल्फ घ्यायचे ते औषधाच्या दुकानातूनच. महाग नाही.

मलम करायची रीत सोपी आहे. दुकानात वाळवलेली भुकटी मिळाली तर उत्तम, कारण साध्या खड्यांत निम्मे वजन पाण्याचेच असते आणि आधीच पाणी प्यालेले मीठ आणखी काय ओढणार? खडेच मिळाले, तर कोरड्या स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर ठेवावेत. ते आधी आपल्याच पाण्यात विरघळतात, मग आटून पांढरी कोरडी खपली उरते. थोडे उडते, म्हणून तोंड लांब ठेवावे आणि मुलांना चुलीपाशी येऊ देऊ नये. गार झाल्यावर बारीक कुटावे. वजनाने पाच भाग भुकटी आणि सहा भाग ग्लिसरीन कोरड्या खलात घोटावे. माझ्या उमेदवारीच्या काळात कंपाउंडर हे काम करीत आणि त्यांचे मलम रवाळ कधीच लागत नसे. काचेच्या कोरड्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवावे, कारण ते हवेतलेही पाणी ओढते. वापरण्यापूर्वी ढवळावे.

केसतुडावर हे मलम जाडसर लावून वर स्वच्छ गॉज बांधावा. दिवसातून एकदा किंवा दोनदा बदलावा. दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. फार दिवस लावत राहिल्यास भोवतालची चांगली कातडी खराब होते. उघड्या जखमेवर लावू नये. नाकावर, नाकाच्या बाजूला किंवा वरच्या ओठावर केसतूड असेल, ताप असेल, लाल रेघ वर चढत असेल, तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. तिथले केसतूड दाबून फोडणे तर जिवावर बेतू शकते.

आणि मधुमेह. इथे मला माझीच एक चूक सांगावी लागेल. बऱ्याच वर्षांपूर्वी तासगाव भागातले एक वयस्कर गृहस्थ पायाला काटा लागून सूज आली म्हणून आले होते. दवाखान्यात गर्दी होती. मी काटा काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितले, "आप्पा, रोज रात्री गरम पाण्यात मॅगसल्फ टाकून पाय शेका." साखर तपासली नाही. त्यांनाही मधुमेह असल्याचे ठाऊक नव्हते. पायाची जाणीव कमी झालेली असल्यामुळे पाणी किती कढत आहे हे त्यांना कळलेच नाही. चार दिवसांनी आले ते तळव्याला फोड घेऊन. पुढे अंगठ्याशेजारचे बोट काढावे लागले. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, उलट पुढच्या हंगामात द्राक्षाची पेटी पाठवली. ती पेटी मला अजून आठवते.

तेव्हापासून पायाला काही झालेल्या चाळिशीपुढच्या माणसाची साखर मी आधी पाहतो. मधुमेह्याने पाय शेकूच नयेत. इतरांनी शेकायचे असेल तर पाणी कोमट असावे आणि ते घरातल्या दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून पाहावे. चार-पाच लिटर पाण्यात एक वाटी मॅगसल्फ घालावे, दहा-पंधरा मिनिटे पाय ठेवावेत, मग साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. थकलेल्या पायांना बरे वाटते ते बरेचसे कोमट पाण्याचे आणि बसायला मिळाल्याचे श्रेय आहे, असे माझे मत.

भेगाळलेल्या टाचांना याचा थोडा उपयोग होतो. टाच भिजून मऊ झाली की पुसून लगेच आमसुलाचे तेल पातळ करून भेगांत भरावे. तेल न लावता नुसतेच मिठाचे पाणी वापरले तर भेगा वाढतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत राहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

चिखल्यांना मात्र मॅगसल्फचे पाणी नको. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर कृष्णाकाठचे कितीतरी लोक बेचक्या सोललेले पाय घेऊन आले. त्यातल्या काहींनी रोज अर्धा तास मिठाच्या पाण्यात पाय बुडवले होते. चिखल्या मुळात ओल्याने होतात, त्यात बुरशी असते आणि हे मीठ बुरशी मारत नाही. पाय कोरडे ठेवणे आणि बुरशीवरचे मलम लावणे, एवढेच तिथे करायचे.

शेवटी ‘मॅग्नेशियम ऑइल’विषयी. परगावच्या मुलांनी आईवडिलांसाठी पाठवलेल्या बाटल्या मला दाखवायला आणतात. ते मॅग्नेशियम क्लोराइडचे दाट पाणी असते. बोटांना तेलकट लागते, पण त्यात तेलाचा थेंब नसतो. सोललेल्या कातडीवर ते फार झोंबते, खाज सुटली तर धुऊन टाकावे. कातडीतून ते रक्तात पुरेसे शिरते आणि अंगातली मॅग्नेशियमची उणीव भरून काढते, असे बाटलीवर लिहिलेले असते. त्याला भक्कम पुरावा नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत, पालेभाजीत, तिळात आणि शेंगदाण्याच्या चटणीत मॅग्नेशियम भरपूर असते, आणि ते कातडीतून नव्हे तर पोटातूनच अंगी लागते.