‘दर्या’ आणि ‘दऱ्या’: पडद्यावरील एक भेद

संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, बटणे व याद्या रचण्याच्या सिद्ध घटकसंचास ‘टूलकिट’ म्हणतात. ‘जीटीके’ व ‘क्यूटी’ हे मुक्त संच लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्ही प्रणालींवर चालतात. मराठीपुरती त्यांची कसोटी मात्र अक्षरजुळणीत आहे. रायगडच्या पश्चिमेस दर्या, पूर्वेस सह्याद्रीच्या दऱ्या; लेखनात या दोन शब्दांतील भेद केवळ रफार व अर्धा ‘ऱ’ यांच्यामुळेच कळतो. युनिकोडात ‘ऱ’ला ०९३१ हा स्वतंत्र संकेतांक आहे, परंतु त्याच्या अर्ध्या रूपाची आकृती सिद्ध करणे हे फाँटचे व ‘हार्फबझ’ या मुक्त जुळणीप्रणालीचे कार्य होय. दोन्ही संच तिच्यावरच विसंबतात. सबब तेथे मराठीसाठी झालेली एक दुरुस्ती दोहोंस लाभते. आणि ती करून पाहण्यास कोणाचीही अनुज्ञा लागत नाही.