हिशेब क्लाऊडवर, किल्ली आपल्याकडे

फेब्रुवारी २०२५. कापसाचा हंगाम सुरू होता आणि सर्व्हरमधल्या बिघाडामुळे भारतीय कापूस महामंडळाची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सीसीआयची, तेलंगणातली खरेदी काही दिवस थांबली. माल होता, काटा होता, घेणारे होते, पण दूरचा एक कॉम्प्युटर नोंद घेत नव्हता. आदिलाबादसारख्या कापसावर जगणाऱ्या जिल्ह्यात ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आडत दुकान आहे, जिनिंग आहे, खत-बियाण्यांचं किंवा औषधांचं दुकान आहे. आजोबांच्या काळात कीर्द-खतावणी होती, वडिलांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर टॅली आणली आणि आता सगळे सांगतात, ‘क्लाऊडवर टाका’. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे सुट्टीत गावी गेलो की घरातली मोठी माणसं मला हमखास दोन प्रश्न विचारतात. ते सगळं असतं तरी कुठे? आणि बुडालं तर? मला हे दोन्ही प्रश्न अगदी योग्य वाटतात. फक्त त्यांची उत्तरं शोधायचं काम आता आपल्या पिढीचं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. क्लाऊड म्हणजे ढग नव्हे, ती भक्कम इमारतींमधली भाड्याची जागा आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून भारतात ही सेवा सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत आपली केंद्रं उघडली. म्हणजे आदिलाबादच्या दुकानाचा हिशेब ४४ नंबरच्या हायवेने सुमारे ३०० किलोमीटरवर असलेल्या शहरात राहू शकतो. तिथे वीज गेली तर जनरेटर असतो, पहारा असतो, आग विझवण्याची यंत्रणा असते. एकाच शहरात एकमेकांपासून अंतर ठेवून उभारलेली अशी अनेक केंद्रं असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावरून काम चालू ठेवता येतं, मात्र तशी व्यवस्था आपण निवडलेली असावी लागते.

मग दुकानातल्या टेबलाखालच्या डब्यापेक्षा हे बरं की वाईट? बहुतेक वेळा बरंच. हार्ड डिस्क एक दिवस जातेच. पावसाळ्यात वीज खेळ करते. शिवाय आपल्या छताखाली ठेवलं म्हणजे चोरांपासून सुरक्षित, असंही नाही. पुण्याची कॉसमॉस ही १९०६ पासूनची सहकारी बँक. ऑगस्ट २०१८ मध्ये चोरांनी तिच्या एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेत शिरकाव केला. ११ आणि १३ तारखेला, अवघ्या दोन दिवसांत, सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून काढले गेले.

आता दुसरा प्रश्न, बुडालं तर?

क्लाऊड कंपन्या ९९.९ टक्के किंवा ९९.९९ टक्के वेळ सेवा चालू राहील असं सांगतात. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण हिशेब मांडून बघा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षात जवळजवळ पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटं. हे पावणेनऊ तास रात्रीच येतील असं कोणी लिहून देत नाही, ते ऐन हंगामातल्या सोमवारी सकाळीही येऊ शकतात. शब्द पाळला गेला नाही तर भरपाई मिळते ती बहुधा बिलातल्या सवलतीच्या रूपात. त्या दिवशी गेलेलं गिऱ्हाईक कोणी परत आणून देत नाही. म्हणून पावतीपुस्तक आणि दोन पेनं गल्ल्याजवळ असू द्यावीत. १९ जुलै २०२४ ला क्राऊडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, तेव्हा हैदराबादच्या विमानतळावरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते.

सेवा काही तास बंद पडणं परवडतं, माहितीच जाणं परवडत नाही. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या क्लाऊड कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली. ‘आमचा बॅकअप आहे’ म्हणून निर्धास्त असलेल्या काही ग्राहकांचा बॅकअपही त्याच इमारतीत होता. याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. मे २०२४ मध्ये युनिसुपर या पेन्शन फंडाची गूगल क्लाऊडवरची ‘प्रायव्हेट क्लाऊड’ सेवाच गूगलच्या बाजूच्या एका चुकीमुळे पुसली गेली. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या प्रतीही गेल्या. सहा लाखांहून अधिक सभासदांची ही संस्था सावरली, कारण तिने आणखी एक प्रत दुसऱ्याच कंपनीकडे ठेवली होती. इतकी मोठी कंपनीही चुकू शकते हे कळलं, आणि त्यावरचा उपायही कळला.

आता चोरीविषयी. क्लाऊड म्हणजे लॉजवरची खोली समजा. भिंती, गेट, वॉचमन ही मालकाची जबाबदारी. पण खोलीला कुलूप लावणं आणि किल्ली कोणाकडे द्यायची हे ठरवणं आपलं काम. क्लाऊडवरच्या बऱ्याच चोऱ्या भिंत फोडून होत नाहीत, उघड्या राहिलेल्या दारातून होतात. आपल्या दुकानात एकच पासवर्ड मालक, मुनीम, सीएच्या ऑफिसातला मुलगा आणि पुतण्या अशा चौघांना ठाऊक असतो. मुनीम काम सोडून जातो, पासवर्ड तोच राहतो. ही आपली उघडी दारं.

किल्ली दुसऱ्याच्या हातून कशी निसटते, हे जुलै २०२४ च्या अखेरीस दिसलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांना बँकिंगची यंत्रणा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. खबरदारी म्हणून तिला देशाच्या पेमेंट यंत्रणेपासून तोडण्यात आलं आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. सायबर सुरक्षा अभ्यासकांच्या मते, चूक एका भागीदार कंपनीच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये होती. त्या खातेदारांनी काहीच चुकवलं नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला विचारावं, ‘तुमचं काम पुढे कोणाकोणाकडे दिलेलं आहे?’

कायदाही जबाबदारी आपल्यावरच टाकतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर ठेवले, तरी त्यांचं उत्तरदायित्व ते गोळा करणाऱ्याचंच राहतं.

तर घरातल्या तरुणांनी या सुट्टीत एवढं करावं. प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं, आणि माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करावं. पासवर्डबरोबर दुसरी पायरीही, म्हणजे ओटीपी किंवा ॲपमधला कोड, सुरू करावी. हा कोड आणि खात्याचा मूळ ईमेल मालकाच्या ताब्यात असावा, सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्याच्या नव्हे. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुकानापासून दूर. ड्राइव्हवर आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरला बॅकअप समजू नये. व्हायरसने दुकानातली फाईल बिघडवली की तीच बिघडलेली फाईल ड्राइव्हवरही जाऊन बसते. एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन तो काढून कपाटात ठेवावा. आणि सेवा सोडायची झाली तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

सगळ्यात महत्त्वाचं, बॅकअप उघडून बघावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे हातपाय न मारता पोहता येतं असं सांगण्यासारखं आहे. ३१ मार्च हा आपल्याकडे हिशेबाचं वर्ष संपण्याचा दिवस, आणि योगायोगाने जगभरात तोच ‘बॅकअप दिन’ म्हणूनही पाळला जातो. त्या दिवशी कपाटातला पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावावा आणि मागच्या वर्षीची एक उधारी शोधून दाखवावी. ती सापडली, की मोठ्या माणसांच्या ‘बुडालं तर?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना स्क्रीनवरच दिसेल. आणि दिवाळीत वहीपूजनाला कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लावताना मनात धाकधूक राहणार नाही.