विद्युत् मोटारींच्या नियंत्रणातील काँटॅक्टर

जालना शहरातील लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिल, कापसाचे जिनिंग कारखाने आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांना पाणी देणारे विहिरींवरील पंप, या तिन्ही ठिकाणची यंत्रे भिन्न आहेत. परंतु त्यांच्या मोटारी चालू व बंद करणारे साधन तत्त्वतः एकच, ते म्हणजे काँटॅक्टर होय. दुरून चालविता येणारा स्विच, अशी त्याची व्याख्या सामान्यतः केली जाते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. कारण काँटॅक्टरची खरी कसोटी मंडल जोडण्यात नसून ते तोडण्यात आहे.

काँटॅक्टरचा प्राण म्हणजे विद्युच्चुंबक. वेटोळ्यातून प्रवाह गेला की स्थिर गाभा चल गाभ्याला ओढतो व त्याबरोबर तिन्ही कलांचे स्पर्शक मिटतात. प्रवाह थांबताच स्प्रिंग त्यांना दूर लोटते. 50 आवर्तनांच्या प्रत्यावर्ती प्रवाहात चुंबकीय स्रोत सेकंदास 100 वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी गाभा सुटून थरथरू नये यासाठी त्याच्या मुखावर तांब्याचे लहान कडे बसविलेले असते. कड्यात प्रेरित झालेल्या प्रवाहामुळे स्रोताचा एक भाग मागे रेंगाळतो आणि ओढ कधीच पूर्णपणे नाहीशी होत नाही.

चालू मोटारीचे स्पर्शक विलग होतात तेव्हा प्रवाह तत्काळ खंडित होत नाही. स्पर्शकांमधील तप्त वायूतून तो प्रज्योतीच्या रूपाने वाहत राहतो. एकमेकींपासून अलग असलेल्या धातूच्या पट्ट्यांमध्ये ही प्रज्योत ढकलली असता तिचे तुकडे होतात, ती थंडावते आणि प्रवाह शून्यावर येताच विझते. मोटार सुरू होताना पूर्णभार प्रवाहाच्या सुमारे 5 ते 7 पट प्रवाह घेते. ती वेग घेतल्यानंतर बंद केली, तर स्पर्शकांना केवळ पूर्णभार प्रवाह तोडावा लागतो. याउलट, सळई पुढेमागे सरकविणाऱ्या रोलरांची मोटार वारंवार उलट फिरवावी लागत असेल, तर तो मोठा प्रवाहच पुनःपुन्हा तोडावा लागतो. यास्तव पहिल्या कार्यासाठी ‘एसी-3’ व दुसऱ्यासाठी ‘एसी-4’ असे स्वतंत्र वर्ग मानलेले आहेत. केवळ अश्वशक्ती पाहून काँटॅक्टर निवडल्यास त्याचे स्पर्शक अल्पावधीत झिजतात.

तोडण्याचे दुसरे अंग अधिक महत्त्वाचे आहे. सुरू करण्याचे बटण क्षणभर दाबले की काँटॅक्टर मिटतो, आणि त्याचाच एक साहाय्यक स्पर्शक त्या बटणाला समांतर राहून वेटोळ्याचा प्रवाह चालू ठेवतो. वीज गेली की ही साखळी तुटते. वीज परत आली तरी ती आपोआप जुळत नाही. जिनिंगच्या यंत्रात अडकलेला कापूस वीज गेली असताना कामगार हाताने काढीत असेल, तर त्याचा हात सुरक्षित राहतो तो याच गुणामुळे. काँटॅक्टरला आपली पूर्वीची अवस्था स्मरत नाही, हे त्याचे वैगुण्य नसून संरक्षण आहे.

शेतीपंपांवर मात्र हे संरक्षण अनेकदा जाणूनबुजून काढून टाकले जाते. शेतीला पाळीने, कित्येकदा रात्री, वीज मिळत आल्यामुळे अंधारातून विहिरीवर जाणे टाळण्यासाठी शेतकरी ऑटो-स्विच बसवितो. वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पण परिणाम सर्वांना भोगावा लागतो. समजा, 100 केव्हीए रोहित्रावर 5 अश्वशक्तीचे 15 पंप आहेत. प्रत्येकाचा पूर्णभार प्रवाह सुमारे 7.5 अँपिअर धरल्यास एकूण 112 अँपिअर होतात, आणि रोहित्राची क्षमता सुमारे 133 अँपिअर असल्याने हा भार त्याला पेलतो. परंतु सर्व पंप एकाच क्षणी सुरू झाल्यास सहापट, म्हणजे सुमारे 675 अँपिअर प्रवाहाची मागणी होते. विद्युद्दाब कोसळतो, मोटारींना वेग घेण्यास विलंब लागतो व जादा प्रवाह लांबतो. प्रमाणित काँटॅक्टर नियत दाबाच्या 85 टक्क्यांपर्यंत निश्चितपणे मिटतो. दाब त्याखाली गेल्यास तो अर्धवट मिटून कंप पावतो, आणि गाभा उघडा राहिल्याने अधिक प्रवाह घेणारे त्याचे वेटोळे जळू शकते. असा ताण वारंवार पडला की रोहित्रही नादुरुस्त होते आणि ऐन गरजेच्या वेळी पंधराही बागांचे पाणी थांबते.

प्रत्येक स्टार्टरमधील अतिभार रिले केवळ आपल्या मोटारीचे रक्षण करतो. सर्वांची बेरीज तो पाहू शकत नाही. म्हणूनच ऑटो-स्विच काढून कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरणने शेतकऱ्यांना वेळोवेळी केले आहे. कपॅसिटरमुळे पंप चालू असतानाचा प्रवाह घटतो. एकाच वेळी पंप सुरू होण्यावर मात्र तो उपाय नव्हे. स्वयंचलन अपरिहार्यच असेल, तर प्रत्येक पंपाला काही सेकंदांचा वेगवेगळा विलंब देणारा टाइमर काँटॅक्टरच्या वेटोळ्याच्या मंडलात जोडणे इष्ट ठरते. तसे केल्यास पंप एकामागून एक सुरू होतात आणि रोहित्रावरील भार त्याच्या आवाक्यात राहतो.