मायच्या कमरेची निळी पट्टी

रोवणीच्या दिवसांत दिघोरी गावाला गेलात तर बांध्यांमध्ये बायांच्या ओळी दिसतील. पाय चिखलात, हातात पऱ्ह्यांची जुडी, आणि धान रोवत रोवत मागे सरकणं. कंबर सकाळी वाकते ती दिवसभर वाकलेलीच. सांजेला माय घरी येते आणि म्हणते, "जरा कंबर चोळून दे रे!"

चोळण्यासोबत कमरेला एक पट्टीही लावता येते. टीव्हीवर कबड्डी बघता ना? एखाद्या रेडरच्या टोंगळ्यावर किंवा खांद्यावर निळी, गुलाबी, काळी पट्टी चिकटवलेली असते. ती किनेसिओ टेप. जपानच्या केंझो कासे यांनी ती 1970च्या दशकात तयार केली. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या केरी वॉल्शच्या खांद्यावर ती जगाने पाहिली आणि मग जो तो लावायला लागला.

या पट्टीत औषध नसतं! वास घेऊन बघा, बामासारखा झोंबत नाही. नुसतं सुती कापड, त्यात ताणले जाणारे धागे, आणि मागे नागमोडी रेघांनी लावलेला डिंक. लावल्यावर वरून हात चोळायचा, म्हणजे ऊब मिळून डिंक घट्ट धरतो. कोपरे गोल कापायचे, नाहीतर कपड्यात अडकून पट्टी सुटते. रंगाचं म्हणाल तर निळी थंड आणि लाल गरम हे सगळे मनाचे खेळ. हवी ती घ्या.

पट्टी ताणली जाणारीच का लागते, ते घरीच बघा. मायच्या कमरेला मागे दोन खळगे दिसतील. त्यांच्या मधोमध पेनाने एक टिंब द्या. दुसरं टिंब त्याच्या सरळ वर 10 सेंटीमीटरवर. आता मायला म्हणा, "वाक, रोवणीला वाकतेस तशी." मोजपट्टीने पुन्हा मोजा. कंबर लवचिक असेल तर अंतर चार-पाच सेंटीमीटरने वाढतं! डॉक्टरही कंबर किती वाकते हे असंच तपासतात. त्याला शोबर चाचणी म्हणतात. साधी चिकटपट्टी या ताणात निघूनच येईल. किनेसिओ टेप मात्र कातडीसोबत लांबते आणि आखडते.

वाकलेल्या पाठीवर पट्टी लावली आणि माणूस उभा राहिला की पट्टीवर सुरकुत्या पडतात. कासे म्हणायचे की त्या सुरकुत्या कातडी किंचित वर उचलतात, आत जागा होते, दुखणं कमी होतं. ऐकायला छान! पण खरं का? ब्राझीलमध्ये कंबरदुखीच्या 148 रुग्णांवर हे तपासलं आणि 2014 साली निकाल छापला. अर्ध्यांना ताणून, सुरकुत्या पडतील अशी पट्टी लावली. उरलेल्यांना न ताणता. बरं वाटलं दोघांनाही, आणि जवळपास सारखंच. सुरकुत्यांची गोष्ट तिथेच गळाली.

मग बरं का वाटतं? खाटेचा पाय टोंगळ्याला लागला की तुम्ही काय करता? चोळता! 1965 साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी याचं एक कारण मांडलं. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात त्याला एक तोंड लागतं. धुऱ्याला पाणी सोडायचं तोंड असतं, अगदी तसं. स्पर्शाचे निरोप आले की ते तोंड बारीक होतं आणि दुखण्याचा निरोप पुढे कमी जातो. पट्टीही हालचालीसोबत कातडीला हलकंसं ओढत असावी, म्हणजे चोळणारा हातच जणू तिथे ठेवलेला. शिवाय "काहीतरी लावलंय" या विश्वासाचाही थोडा वाटा असावा. माझं मत विचाराल तर पट्टी वाईट नाही, पण मायच्या कमरेला खरं हवं असतं ते मधूनमधून उभं राहणं.

जखमेवर पट्टी लावू नका. खाज सुटली तर लगेच काढा. ओढून नाही, आंघोळीच्या वेळी तेल लावून, हळूहळू. आणि दुखणं पायात उतरलं किंवा मुंग्या येऊ लागल्या, तर पट्टीचा नाद सोडून मायला डॉक्टरकडे न्या.

तोवर तुमच्या मायचं अंतर किती सेंटीमीटरने वाढलं, ते वहीत लिहून ठेवा. आजीचंही मोजा.